नळी उंच केल्याने नदी उथळ होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै उजाडला की आपल्या दैनिकात पाण्याखाली गेलेल्या पुलांची यादी छापून येऊ लागते आणि दूधगंगा-वेदगंगेच्या काठची आम्ही माणसे ती सकाळच्या चहाबरोबर वाचतो. कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर ही नावे इतकी वर्षे त्या यादीत येत आहेत की शाळकरी मुलांनाही ती पाठ झाली असावीत. अलीकडे मात्र या यादीच्या जोडीला मोबाइलवर दुसरेच काही फिरू लागले आहे. रुंद टायरांची तीनचाकी गाडी, इंजिनाला पाण्याच्या वरून हवा मिळावी म्हणून तिच्या हँडलला उभी बांधलेली पीव्हीसीची नळी, छातीइतक्या पाण्यातून वाट काढणारा परदेशी चालक आणि खाली आपल्याच भागातल्या पोरांनी विचारलेला प्रश्न, की हे आपल्याकडे कोण बसवून देईल? निपाणीत गेली २६ वर्षे मी रिक्षा आणि मालवाहू तीनचाकी दुरुस्त करतो. अशी नळी बसवून देणारा एक माणूस मीच होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम या गाडीविषयी थोडे सांगतो, कारण पोरांना ती नवी वाटते. होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेच्या बाजारात ९० सीसीच्या वर्गातली तीनचाकी आणली. तिला स्प्रिंग किंवा शॉकअब्जॉर्बर नव्हते. फुग्यासारखे जाड टायर हेच तिचे स्प्रिंग होते. त्या टायरांत अवघी दोन-तीन पीएसआय हवा भरायची असते, आपल्या रिक्षाच्या टायरात त्याच्या दहापटीच्या आसपास असते. कमी हवेचा टायर जमिनीवर पसरतो, त्यामुळे वाळू, बर्फ आणि दलदल यांवर गाडी रुतत नाही. मागच्या आसाला डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी, नसल्यामुळे दोन्ही चाके एकत्र फिरतात, म्हणून चिखलात ती रिक्षासारखी एकाच चाकावर घिरट्या घालत बसत नाही. पण त्याच कारणाने वळणावर ती सरळच जाऊ पाहते आणि अंग झुकवून न वळवल्यास उलटते. अशा उलटण्यातून इतके अपघात झाले की १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार उत्पादकांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. आज चित्रफितींत दिसतात त्या बहुतेक चाळीस वर्षांपूर्वीच्या, हौसेने जपलेल्या गाड्या आहेत. त्यांचे चालक बहुधा साचलेल्या तळ्यात किंवा संथ ओहोळात उतरतात आणि बाजूला दोरखंड घेऊन चार सोबती उभे असतात. ते सोबती चित्रफितीत दिसत नाहीत.

आता पाण्याचे. इंजिन पाण्याने भिजून बंद पडते, असा सर्वसाधारण समज आहे. इंजिनाला बाहेरून भिजण्याचे काही वाटत नाही. ते पाणी प्यायले की संपते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले आणि पिस्टन वर आला, तर हवा दबते तसे पाणी दबत नाही आणि दाबाने पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या गॅरेजच्या खिडकीत असे तीन रॉड ठेवले आहेत, ज्यांना पटत नाही त्यांच्या हातात मी ते देतो. हवेची नळी उंच न्यायची ती यासाठी. ती मूळ वाटेपेक्षा अरुंद असता कामा नये, एअर फिल्टरच्या पेटीचा प्रत्येक सांधा सिलिकॉनने बंद करावा लागतो आणि काम झाल्यावर एक परीक्षा घ्यावीच लागते. इंजिन मंद चालू ठेवून नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबायचा. दोन-चार सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले, तर कुठेतरी फट आहे, आणि हवा जिथून शिरते तिथून पाणीही शिरणार आहे.

नळी हे यातले सोपे काम. कार्बोरेटरच्या भांड्याला हवेसाठी ज्या बारीक रबरी नळ्या असतात त्या बहुतेकजण विसरतात. त्यांची तोंडे पाण्यात गेली की पेट्रोल नीट उतरत नाही आणि हवेची मोठी नळी कोरडी असूनही गाडी बंद पडते. त्याहून फसवी वाट गिअरपेटीच्या ब्रीदरची, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करायला ठेवलेल्या छिद्राची. वीस मिनिटे चालून तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी बोल्ट सैल केला तर चहासारखे दुधाळ ऑइल बाहेर येते. असे ऑइल दिसले की गाडी चालवू नये, ते काढून नवे भरावे, थोडे चालवून तेही काढून टाकावे. प्लगच्या टोपीत आणि कॉइलच्या तारेच्या दोन्ही टोकांना विजेसाठी मिळणारे ग्रीस भरायचे, ठिणगीची वेळ सांभाळणारा सीडीआयचा डबा हँडलच्या उंचीला न्यायचा, सगळे ब्रीदर एकत्र करून वर बांधायचे. सायलेन्सर पाण्याखाली गेला तरी चालतो, मात्र इंजिन चालू असेपर्यंतच. मध्येच बंद पडले तर पाणी मागच्या वाटेनेही चढते. अशा वेळी किक मारणे हा सर्वांत महागडा मूर्खपणा आहे. आधी प्लग काढावा, मग किक मारून आतले पाणी उडवावे. ड्रम ब्रेक तर भिजणारच. काठावर आल्यावर ते हलके दाबत थोडे अंतर गेल्याशिवाय गाडी थांबेल असे धरून चालू नये.

हे सगळे मी एका जुन्या जपानी तीनचाकीवर मनापासून केले. ओळखीच्या ऊस बागायतदाराच्या मुलाने ती भंगारातून आणली होती आणि फवारणीचा पंप बांधून पाणंदीतून फिरवायची असे त्याने सांगितले होते. तळहाताची परीक्षा ती पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाली. खरे सांगायचे तर मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. श्रावणातल्या एका दुपारी त्याने मला वेदगंगेच्या एका बंधाऱ्यावरच्या पुलाशी बोलावले. पाणी पुलाच्या माथ्यावरून वाहत होते, पण शांत दिसत होते. मी नको म्हणालो. जितक्या ठासून म्हणायला हवे होते तितक्या ठासून म्हणालो नाही, कारण आपले काम कसे चालते हे मलाही पाहायचे होते.

तो उतरला. पाणी पायठेवणीला लागले, मग इंजिन झाकले गेले, आणि नळीतून येणारा हवेचा फुसफुस आवाज मला काठावर ऐकू येत होता. सीटला पाणी लागायच्या थोडे आधी पुढचे चाक उचलले. भरताना रिकामी घागर जशी पाण्यावर डुलते तसे ते डुलले आणि त्याच्या हातातले हँडल एकदम हलके झाले. ते त्याने डावीकडे वळवले, उजवीकडे वळवले, गाडीला त्याचा पत्ताच नव्हता. त्याने घाबरून रेझ वाढवली, मागची चाके पाण्यात वल्ह्यासारखी फिरली आणि गाडी सावकाश आडवी होऊन पुलाच्या खालच्या अंगाच्या कडेवरून उतरून गेली. पोराने वेळीच उडी मारली. त्याच्या चुलत्याने फेकलेला दोर त्याच्या हाती लागला, म्हणून मी हे पत्र लिहू शकतो. गाडी दोनशे फुटांवर बाभळींत अडकली. तिथे ती तिरपी उभी राहून, नळी वर काढून, आणखी दोन-तीन मिनिटे धुगधुग चालूच होती.

काठावर बसून थरथरत तो मला म्हणाला, ‘काका, गाडी बंद पडली असती तर मी तिथूनच माघारी आलो असतो की.’

नंतर मी त्या टायरांचे माप घेऊन हिशेब मांडला. एका टायरात ४० ते ५० लिटर जागा भरते, म्हणजे पूर्ण बुडाल्यावर एकेक टायर तितक्याच किलोंचे वजन वर उचलतो. तीन टायर मिळून सव्वाशे-दीडशे किलो. त्यात बुडालेले इंजिन आणि टाकी यांचा हिस्सा मिळवला, तर हलकी गाडी चालकाच्या बहुतेक वजनासह तरंगू लागते. ज्या टायरामुळे ती चिखलावरून जाते, त्याच टायरामुळे ती खोल पाण्यात होडी होते. आणि होडीला सुकाणू असते, हिला नसते. एकच चाक पुढे असल्याने ते उचलले की वळणे संपले. म्हणजे या गाडीची खोलीची मर्यादा नळीच्या उंचीवर ठरत नाही, ती टायरांच्या उंचीवर ठरते, आणि तीही साचलेल्या पाण्यात. वाहत्या पाण्यात ती त्याहून पुष्कळ आधी संपते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी गाडीच्या बाजूच्या एक चौरस मीटर भागावर ढोबळमानाने ५० किलोंचा रेटा देते, दोन मीटर वेगाला तोच रेटा २०० किलोंवर जातो. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा आपल्या नागरिकांना सांगते की सहा इंच वेगवान पाणी उभ्या माणसाला पाडू शकते आणि बारा इंच पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते. तीनचाकीचे वजन मोटारीच्या निम्मेही नसते.

बंधाऱ्याच्या पाण्यात आणखी एक खोट असते, जी त्या चित्रफितींतल्या तळ्यात नसते. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांवरचे रस्ते अरुंद, बरेचदा कठडे नसलेले. माथ्यावरून फूटभर गढूळ पाणी गेले की कड कुठे संपते ते दिसत नाही. पाणी उतरताना खालच्या अंगाला खड्डा पडलेला असतो आणि तिथे भोवरा असतो. वरून पाचट येते, ओंडके येतात, केंदाळ येते. केंदाळाचा एक गठ्ठा आसाभोवती गुंडाळला, तर हवेच्या नळीचा काय उपयोग? शेवाळलेल्या काँक्रीटवर गुळगुळीत टायर कसा सरकतो, हे नदीवर धुणे धुणाऱ्या बाईला विचारावे.

आपल्या प्रवासी आणि मालवाहू रिक्षांची गोष्ट उलटी आहे. त्यांची चाके आठ इंची रिमची, म्हणजे आस जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. टायर तरंगवत नाहीत, पण गाळात पटकन रुततात; डिफरन्शिअल असल्यामुळे एक चाक गाळात फिरू लागले की दुसऱ्याला जोर मिळत नाही. इंजिन मागे असल्याने पुढचे चाक मुळातच हलके असते, त्यात मागे खताची पोती किंवा दूध संघाचे कॅन भरले की ते आणखी हलके होते. डिझेलच्या गाडीला प्लग नसतो, म्हणून तिला पाण्याचे भय नाही, असे काही चालक मला मोठ्या खात्रीने सांगतात. ठिणगीचा प्रश्न नाही हे खरे. पण डिझेल इंजिनात दाब अधिक, म्हणून पाणी प्यायल्यावर ते पेट्रोलच्या इंजिनापेक्षा लवकर मोडते. विजेच्या तीनचाकींना हवाच लागत नसल्याने पोरांना त्या आता पाण्याच्या गाड्या वाटू लागल्या आहेत. काहींच्या बॅटरीवर ‘आयपी ६७’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत घातक होईल इतके पाणी जात नाही, एवढाच आहे. ती चाचणी त्या डब्याची आहे. पूर्ण गाडीची नाही, खिळखिळ्या झालेल्या सीलची नाही आणि वाहत्या नदीची तर नाहीच.

मग नळी, ग्रीस, सिलिकॉन हे सगळे टाकाऊ आहे का? नाही. बेळगावात बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात आठ-आठ दिवस साचून राहते, तिथे भातशेतीच्या पाणंदीतून गुडघ्याखालच्या पाण्यात गाडी न्यावीच लागते. अशा जागी वर बांधलेले ब्रीदर आणि बंद केलेले सांधे गाडीचे आयुष्य वाढवतात. पण त्या पाण्यातही आधी काठी घेऊन चालत जावे. जे चालून पाहिले नाही, त्यात चाक घालू नये. उतरताना सावकाश, मग पहिल्या गिअरमध्ये एकाच चालीने, क्लच न दाबता, गाडीपुढे पाण्याची एक लहान लाट टिकेल इतक्याच वेगाने जावे. वेग वाढवला की ती लाट इंजिनावर चढते, थांबले की मागचे पाणी येऊन भरते. पाणी आसाच्या वर आले की तिथूनच परतावे. वाहत्या पाण्यासाठी मी कोणतीही रीत सांगणार नाही, कारण तशी रीत नाही.

खानापूरच्या पश्चिम भागातील गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव या गावांचा विषय मात्र मला या हौसेच्या पंक्तीत बसवायचा नाही. तिथे पावसाळ्यात नाले फुगले की वाट तुटते आणि आजाऱ्याला खांद्यावरून, लाकडी डोलीतून जंगलातून आणावे लागते. हलात्रीचा पूल बुडाला की हेम्माडगा रस्ता बंद होतो. मागच्या वर्षी तिकडच्या एका तरुणाने मला विचारले, अशी तीनचाकी करून दिली तर रुग्णाला नाल्यातून आणता येईल का? मी नाही म्हणालो, आणि नाही म्हणताना मला लाज वाटली. कारण त्याला हौस नव्हती, गरज होती. त्या गरजेला उत्तर लोखंडी साकवाचे आहे, उंच पुलाचे आहे. ते उत्तर देण्याचे काम गॅरेजचे नाही.

प्रशासनाकडे माझे मागणे फार खर्चाचे नाही. बुडणाऱ्या प्रत्येक पुलाच्या दोन्ही तोंडांना सेंटिमीटरच्या खुणा असलेली उभी पट्टी रंगवावी, पुलाच्या माथ्यावर किती पाणी आहे ते तिच्यावरून काठावरच कळावे, आणि पाण्याने माथा गाठला त्या रेषेपासून वर ती सरळ लाल असावी. सूचना कन्नडबरोबर मराठीतही असावी. या काठचे निम्मे चालक पलीकडच्या शिरोळ-कागल तालुक्यांतून येतात, त्यांना फलक वाचता आला नाही तर तो लावून उपयोग काय? पुलाच्या कडांना पाण्यावर दिसतील असे खांब हवेत. सध्या पोलीस बॅरिकेड लावतात, पण मोटार अडते आणि दुचाकी, तीनचाकी त्याच्या बाजूच्या फटीतून जाते. ती फट साखळीने बंद व्हावी. आणि पाणी ओसरल्यावर माथ्यावरचे काँक्रीट, खचलेल्या कडा पाहिल्याशिवाय वाहतूक सोडू नये. पुरानंतरच्या पहिल्या दिवशी आसाचे बेअरिंग फुटून आलेल्या रिक्षा मी दरवर्षी मोजतो.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. बुडालेल्या पुलांच्या यादीत प्रत्येक नावापुढे पर्यायी मार्ग आणि तो किती किलोमीटरचा पडतो हे छापावे. वळसा पंधरा किलोमीटरचा आहे की चाळीसचा, हे आधी माहीत असले तर माणूस घरूनच त्या वाटेने निघतो. काठावर येऊन कळले तर त्याची नजर पाण्याकडे जाते.

माझ्या गॅरेजपुरते मी ठरवून टाकले आहे. ब्रीदर वर बांधून देतो, सांधे बंद करून देतो, पण हवेची नळी सीटच्या वर नेत नाही, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीच्या रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत, हे मी ग्राहकाला सांगतो. ते त्याला फारसे पटत नाही, मग खिडकीतला रॉड दाखवतो. ती जपानी तीनचाकी आम्ही बाभळीतून काढली, तीन वेळा ऑइल बदलले आणि हँडलवरची नळी करवतीने सीटखाली कापली. सध्या ती उसात फवारणी करते.

आपला,
एक गॅरेज मिस्त्री,
निपाणी, जि. बेळगाव